मास्तरांसारखं, पोट दोन इंच जास्त

मास्तरांकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या माणसाला स्वतःचं माप कधी कळत नसे. मास्तरांचं वय चौसष्ट. त्यातली चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या छातीपोटाभोवती टेप गुंडाळण्यात घालवली, पण माप घेताना आकडा म्हणून तोंडातून काढला नाही. त्याला कारण होतं. दुकान नवीन असताना त्यांनी एकदा भर गर्दीत "पोट चव्वेचाळीस" अशी आरोळी ठोकली होती. ज्यांचं पोट होतं ते गृहस्थ शाळेत मुख्याध्यापक होते आणि मागच्या बाकावर त्यांचेच दोन विद्यार्थी बसले होते. मुख्याध्यापक अर्धं माप टाकून जे गेले, ते पुढची अकरा वर्षं दुकान आलं की रस्ता ओलांडून पलीकडून चालत राहिले.

तेव्हापासून मास्तरांनी आकड्याशी बोलणं सोडलं. टेप फिरवायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "पोस्टातल्या साहेबांसारखं, पोट एक कमी." गिऱ्हाईक खूश. आपण कुणापेक्षा तरी एका इंचाने कमी आहोत, यात माणसाला केवढं समाधान असतं ते शिंप्यालाच ठाऊक. पोट जास्त असेल तर मास्तर नुसतं "ऐसपैस" म्हणत आणि गिऱ्हाइकाच्या पाठीमागे बोटं दाखवत. एक बोट म्हणजे एक इंच. एका कंत्राटदाराच्या वेळी दोन्ही हात वापरावे लागले होते.

ही बोटं बघायला समोर गल्ल्यामागे त्यांची बायको बसलेली असे. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत, जरी तिने आयुष्यात कुणाला काही शिकवलं नव्हतं, मास्तरांना सोडून. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुरुस्तीवाल्याने दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवला, त्यात मापं लिहायची सोय करून दिली आणि दहा मिनिटांत सगळं समजावून निघून गेला. छाती, पोट, बाही, खांदा, गळा असे रकाने होते. दुरुस्तीवाल्याच्या मनात त्यात आकडे यायचे होते. पण बाई मास्तरांच्या तोंडून येईल ते टाइप करत गेल्या. "पोस्टातल्या साहेबांसारखं." "थोरल्या भावासारखं, खांदा डावा उतरता." "मान नाही." कॉम्प्युटरने कधी तक्रार केली नाही. द्याल ते मुकाट पोटात घालणारा असा समंजस कॉम्प्युटर पुन्हा झाला नाही.

आणि ही पद्धत चालत होती, कारण वाचणारेही तेच होते. "पोस्टातल्या साहेबांसारखं" असं बाईंनी वाचून दाखवलं की मास्तरांच्या डोळ्यांपुढे साहेब उभे राहत आणि हातातला खडू आपोआप कापडावर फिरू लागे. कागदी नमुना ठेवून कापड बेतणाऱ्या शिंप्यांना ते धडधाकट असून कुबडी घेणारे म्हणत.

दुकान चाललं होतं ते मात्र बस डेपोच्या जिवावर. डेपोत एकशे एकोणचाळीस ड्रायव्हर आणि सगळ्यांचे गणवेशाचे कोट मास्तरांकडे. ड्रायव्हरचं माप ते उभं घेत नसत. स्टुलावर बसवायचे, भरतकामाची गोल चौकट त्याच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "चालवा." ड्रायव्हर चौकट धरून वळणं घेई, आणि मास्तर त्या चालत्या गाडीत त्याची बाही मोजत. उभ्या माणसाच्या मापाचा कोट ड्रायव्हर बसला की काखेत धरतो आणि मनगटावर चार बोटं आखूड होतो, हे शास्त्र होतं, आणि त्यांच्याशिवाय ते कुणाला सुचलं नव्हतं. मास्तरांना याचा थोडा गर्व होता. थोडा म्हणजे, विषय काढला तर अर्धा तास.

त्या डेपोत भांडाराला नवीन साहेब आले. साहेब वाईट नव्हते. घाईत होते.

"मास्तर, तुमचं काम उत्तम आहे," ते दुकानात येऊन म्हणाले. "पण तुम्ही एकेक कोट हाताने बेतणार, मग शिवणार. मला चार महिने थांबता येत नाही. रेडीमेडवाले आठवड्यात देतायत. चार साइज. लहान, मध्यम, मोठा, जास्त मोठा."

"माणसं काय बरण्या आहेत?" मास्तर म्हणाले.

साहेबांनी एक वाट ठेवली होती. मशीनवर कापड कापून देणारे एक कटिंगवाले होते. त्यांना मापं दिली की एकशे एकोणचाळीस कोटांचे तुकडे दोन दिवसांत कापून येणार, मास्तरांनी फक्त शिवायचे. मापांची फाइल मात्र त्यांच्या मशीनला समजेल अशी हवी, आणि शनिवारी दुपारी बाराच्या आत पोचायला हवी. बारा वाजून एक मिनिट झालं की काम रेडीमेडवाल्यांना.

साहेब गेले. डेपो गेला तर मागे काय उरतं, ते दोघांनाही माहीत होतं. चेन बदला, पँट आखूड करा, उसवलेलं शिवा. चाळीस वर्षं कोट बेतलेल्या माणसाने उरलेलं आयुष्य इतरांनी शिवलेल्या पँटी आखूड करत काढायचं.

सूनबाई शाळेत गणित शिकवायची. तिने गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली आणि लॅपटॉप घेऊन दुकानात आली. कटिंगवाल्यांच्या वेबसाइटवर एक टूल होतं. त्यात आपली फाइल टाकायची, ते तपासून मशीनच्या भाषेत करून देतं. वेगळं काही बसवावं लागत नाही, सगळं ब्राउझरमध्येच. पानावर तुटक रेषांची एक मोठी चौकट होती आणि आत लिहिलं होतं, "फाइल इथे आणून सोडा."

"आणून सोडा म्हणजे?" मास्तर म्हणाले. "मांजर आहे का ती?"

चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: तुमची फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, आम्ही काहीही साठवत नाही. ही ओळ मास्तरांनी सूनबाईकडून दोनदा वाचून घेतली. एकशे एकोणचाळीस पोटांची अब्रू होती ती. "सभ्य माणसं दिसतात," ते म्हणाले आणि परवानगी दिली.

सूनबाईने जुन्या कॉम्प्युटरमधून ड्रायव्हरांची यादी काढली, पेन ड्राइव्हवरून लॅपटॉपवर आणली, माउसने ओढत चौकटीत नेऊन सोडली. एक चाक फिरलं. मास्तर हातातला खडू खाली ठेवून चाकाकडे बघत राहिले. मग पान तांबडं झालं.

"एकशे चाळीस ओळींपैकी नऊ घेतल्या," सूनबाईने वाचलं. "एकशे एकतीस ओळींत चूक. इथे आकडा हवा."

नऊ ओळी होत्या त्या गेल्या वर्षी भरती झालेल्या ड्रायव्हरांच्या. त्या दिवशी मास्तर तापाने घरी होते आणि मापं सूनबाईने घेतली होती, आकड्यांत. बाकी सगळीकडे मास्तरांची वाणी होती. टूलने प्रत्येक चूक नम्रपणे मांडली होती. ओळ सतरा, पोट: 'मिशीवाल्यासारखं पण सुखी' हा आकडा नाही. ओळ बावन्न, गळा: 'मान नाही' हा आकडा नाही. ओळ अठ्ठ्याऐंशी, छाती: 'आहे' हा आकडा नाही.

"आई, हे 'छाती आहे' म्हणजे काय?"

"आहे म्हणजे चांगली आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "त्यात काय कळण्यासारखं नाही?"

"मशीनला कळत नाही."

"मग मशीन कसलं ते," मास्तर म्हणाले, पण आवाजात नेहमीची धार नव्हती.

गणित शिकवणारी सून म्हणजे गंमत नाही. तिने तासभर यादी वाचली आणि तिच्या लक्षात आलं की यात गोंधळ नाही, नाती आहेत. मिशीवाल्यासारखा लांब्या, लांब्यासारखा सात नंबरवाला, सात नंबरवाल्यासारखा चष्मेवाला. टूलमध्ये तशी सोय होती. एक ओळ दुसरीवर अवलंबून असेल तर तसं सांगायचं आणि फरक लिहायचा, पुढची बेरीज-वजाबाकी टूल करतं. म्हणजे एकशे तीस ड्रायव्हरांची मापं घेत बसायची गरज नाही. कोण कुणासारखं तेवढं जोडलं की झालं.

शुक्रवारी सकाळी तिघं कामाला बसले. बाई वाचत, मास्तर अर्थ सांगत, सूनबाई त्या पानावर जोडत जाई. "सुखी म्हणजे किती इंच, बाबा?" "दीड." "ऐसपैस?" "दोन. मोकळं ऐसपैस असेल तर अडीच." "मान नाही?" मास्तरांनी विचार केला. "अर्धा इंच धर. माणूस आहे शेवटी." एक वाजेपर्यंत शंभर ओळी जोडून झाल्या. मास्तरांना भूक लागली, ते उठले, आणि तीस वर्षांच्या सवयीने दारामागचं मेन स्विच खाली ओढलं.

एकदा इस्त्री चालू राहून बाक जळाला होता, तेव्हापासून जेवायला जाताना मेन स्विच बंद करायचा नियम होता. लॅपटॉप जुना, त्याची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारलेली. पडदा काळा झाला. सूनबाईचा हात माउसवर तसाच राहिला.

"परत चालू केलं की येईल ना?" मास्तरांनी विचारलं.

"ते काहीही साठवत नाहीत, बाबा," सूनबाई अगदी शांतपणे म्हणाली. "त्यांनी आधीच सांगितलं होतं. तुम्ही दोनदा वाचून घेतलंत."

मास्तरांनी स्विच पुन्हा वर केलं. त्या दुपारी ते जेवले नाहीत, आणि बायकोने आग्रहही केला नाही, ही शिक्षाच होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या शंभर ओळी तोंडपाठ पुन्हा सांगितल्या, एकदाही न अडखळता, स्टुलाची जागा न सोडता. या वेळी सूनबाई दर दहा ओळींनी फाइल उतरवून ठेवत होती. दारामागच्या स्विचवर बाईंनी उलटी खुर्ची टेकवून ठेवली होती.

शनिवारी सकाळी दहा वाजता उरलेल्या ओळी संपल्या. सूनबाईने फाइल चौकटीत सोडली. चाक फिरू लागलं आणि फिरतच राहिलं. लॅपटॉपचा पंखा घरघरू लागला. पाच मिनिटांनी पानाने कबूल केलं की आपण प्रतिसाद देत नाही.

घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायला आणखी अर्धा तास गेला. डेपोत दोघं साडू होते. थोरल्या साडूच्या ओळीत होतं, "साडूसारखं, बाही पाव जास्त." धाकट्याच्या ओळीत, "साडूसारखं, बाही पाव कमी." टूल बिचारं थोरल्याकडे गेलं की तो धाकट्याकडे पाठवी आणि धाकटा पुन्हा थोरल्याकडे.

"सरकारी कचेरीतसुद्धा दोन फेऱ्यांत माणूस घरी जातो," बाई म्हणाल्या.

"आधी कोण आला होता, बाबा?" सूनबाईने विचारलं. "त्याला मोजताना दुसरा नव्हताच ना. मग तो कुणासारखा?"

मास्तरांनी डोळे मिटले. "थोरला आला होता. छत्री विसरून गेला. तो..." त्यांनी डोळे उघडले. "माझ्यासारखा."

थोरला साडू मास्तरांना जोडला. फाइल पुन्हा चौकटीत. चाक फिरलं, या वेळी भराभर, आणि पानावर एकच तांबडी ओळ उरली. एकशे एकतीसवरून एकावर. मास्तर खुर्चीतून उठून टाळी वाजवणार होते, तेवढ्यात सूनबाईने ती वाचली.

"एकशे तीस ओळी ओळ एकवर अवलंबून आहेत. ओळ एकमध्ये आकडा नाही."

मिशीवाला मास्तरांसारखा होता, पोट दोन इंच जास्त. लांब्या मिशीवाल्यासारखा. थोरला साडू मास्तरांसारखा. कुठूनही निघा, शेवटी मास्तरांपाशीच येत होता माणूस. चाळीस वर्षं मास्तरांनी सगळ्या डेपोला स्वतःच्या अंगाने मोजलं होतं. आणि ओळ एक त्यांचीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी टाइप करायला शिकताना बाईंनी सगळ्यांत आधी नवऱ्याचं नाव घातलं होतं, आणि पुढे छाती, पोट, बाही, खांदा, गळा, प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट लिहिली होती: माहीत आहे.

"काखेत कळसा," सूनबाई म्हणाली आणि टेप उचलली. "अकरा वाजलेत. बाबा, हात वर करा."

गळा, खांदा, बाही झाली. छातीला टेप आली. "सदतीस," सूनबाई म्हणाली.

"टेप ताणली गेलीय," मास्तर म्हणाले. दुसरी टेप आणली. तीही सदतीसच म्हणाली. पोट सदतीस.

सूनबाईने आकडे घातले. पान हिरवं झालं, पण तिचं तोंड नाही. "मिशीवाल्याचं पोट एकोणचाळीस येतंय."

"एकोणचाळीसमध्ये त्याचा एक पाय बसेल," बाई म्हणाल्या. मापं गेल्याच वर्षी पुन्हा घेतली होती आणि मिशीवाला त्यानंतर काही वाळला नव्हता. या आकड्यांनी कापड कापलं तर अख्खा डेपो कोटात अडकून बसला असता, आणि वाया गेलेल्या कापडाचं खापर मास्तरांवर. रेडीमेडवाले परवडले असते.

"तुमचा एखादा जुना कोट?" सूनबाईने विचारलं.

मास्तरांनी स्वतःसाठी कधी काही शिवलं नव्हतं. आधी गिऱ्हाईक, मग गिऱ्हाईक, मग सण संपलेला असे. अंगातला शर्ट मुलाने पाठवलेला होता. रेडीमेड. आतलं साइजचं लेबल तेवढं मास्तरांनी स्वतःच्या हाताने, एक धागाही न दिसता, उसवून टाकलं होतं. सूनबाईने कॉलरच्या आत बघितलं, तिथली चार टाक्यांची भोकं बघितली आणि सुनेच्या जातीला शोभेल अशी गप्प बसली.

मग मास्तर म्हणाले, मी माझाच कोट बेतून दाखवतो, खडूच्या रेघा मोजा. त्यांनी कापड पसरलं, खडू घेतला. आजवर हात चालायचा तेव्हा डोकं दुसरीकडे असे. आज डोकं बघायला बसलं आणि हात लाजला. पहिल्यांदा छाती एकोणचाळीस निघाली, दुसऱ्यांदा त्रेचाळीस. तिसऱ्यांदा खडूच मोडला. डेपोत फोन लावला तर सगळे रस्त्यावर. आगारात फक्त थोरला साडू होता, तो म्हणाला, "मास्तर, मी तुमच्यासारखा असं तुम्हीच म्हणालात. मग तुम्ही तुमचंच बघा की." साडेअकरा झाले होते.

मास्तर स्टुलावर बसले. "राहू दे," ते म्हणाले. "पँटी आखूड करू. त्याही कुणीतरी करायलाच हव्यात." हे ते विनोदाने म्हणाले, पण कुणी हसलं नाही. त्यांना स्वतःलाही रडूच येत होतं.

मास्तरीणबाई गल्ल्यामागून उठल्या. कोटाच्या आत घालतात त्या जाड अस्तराचा अख्खा तागा त्यांनी कपाटातून ओढून काढला. "उभे राहा," त्या म्हणाल्या.

"काय करतेयस?"

"उभे राहा म्हटलं ना."

मास्तर उभे राहिले. बाईंनी दोन्ही हात त्यांच्याभोवती टाकले आणि पाठीमागे एक हात दुसऱ्याला धरला. भर दुकानात, काचेचं दार उघडं, सून समोर. मास्तरांचे कान लाल झाले. "अगं, दुकान आहे हे."

"दुकानासाठीच चाललंय," बाई त्यांच्या छातीतून म्हणाल्या. "सूनबाई, मागून बघ, माझा हात कुठे पोचलाय?"

"कोपराच्या जवळ, आई."

"पूर्वी मनगट यायचं. बरोब्बर मनगट, त्याच्या पुढे एक बोटसुद्धा नाही. गुंडाळ ते अस्तर."

सूनबाईने अस्तराचा एक वेढा दिला. बाईंनी पुन्हा मिठी मारली, पुन्हा हात शोधला. "अजून." दुसरा वेढा. "अजून." बाहेरून जाणारा एक माणूस थांबला, आत बघितलं आणि चालायला लागला. तिसरा वेढा, चौथा. मास्तर हात वर करून उभे होते, रस्त्यावर पकडलेल्या माणसासारखे. पाचव्या वेढ्यानंतर बाईंनी मिठी मारली, उजव्या हाताने डावं मनगट धरलं आणि हलल्या नाहीत. गाल नवऱ्याच्या खांद्याला लागलेला होता. त्या थोडा वेळ तशाच राहिल्या, कामाला लागतो त्याहून जास्तच.

"हं," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही."

सूनबाईने अस्तरावरून टेप फिरवली. छाती एक्केचाळीस. मग थोडं खाली तोच प्रकार झाला, पोटाला एक वेढा जास्त लागला. बेचाळीस. आकडे ओळ एकमध्ये गेले. मिशीवाल्याचं पोट चव्वेचाळीस आलं. "हा मिशीवाला," तिघंही एकदम म्हणाले. साडू, लांब्या, चष्मेवाला, एकेक जण पडद्यावर आपापल्या जागी भरून आला. बाराला आठ मिनिटं कमी असताना टूलने विचारलं, ओळ एकचा कोटही कापायचा का? सूनबाईने सासूकडे बघितलं.

"नको," बाई म्हणाल्या. "तो माणूस सध्या दुकानात नाही."

फाइल तयार झाली, गेली, आणि दोन मिनिटांत भांडारसाहेबांचा फोन आला. मापं मिळाली, मंगळवारपासून तुकडे येतील, मास्तर, शिवायला लागा. मास्तर फोनवर तीनदा "हो साहेब" म्हणाले. त्यांना वाटलं होतं, असं झालं तर आपण नाचू. पण ते कटिंगच्या टेबलाकडे बघत होते. तिथे सूनबाईने सोडून ठेवलेलं अस्तर पडलं होतं, चांगला ढीगच होता. एवढा मी कुठे गेलो, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना भीती वाटली. वर्षभरात एकदाही वाटली नव्हती, कारण कुणी मोजलंच नव्हतं. आता दिसली, टेबलावर, घडी न घातलेली.

बाईंनी दुकानाचा फोन उचलून दवाखाना लावला. शनिवार होता, एकपर्यंत उघडा असतो.

"सोमवारची वेळ हवी होती," त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर. चौसष्ट. नाही, दुखत काही नाही. वाळलेत." पलीकडून काही विचारलं गेलं. "वजन माहीत नाही हो. आमच्याकडे वजन करत नाहीत. इंचात सांगू? गेल्या वर्षीपासून छाती चार इंच कमी झालीय. आणि पोट..." त्या थांबल्या, नवऱ्याकडे पाहिलं, आणि आवाज हलका केला. "पोट असंच, तीनेक इंच."

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

"पाच," ते म्हणाले. "पाच सांग त्यांना."